किल्लीवरचे कुंकू

तांदळाच्या डब्यात ठेवलेली एक काळी चौकोनी चकती.

ट्रंक कॉल. पलीकडचा माणूस ओरडतो आहे. अलीकडचा म्हणतो, “आयकाक येना नाय, परत सांगा.”

देवाच्या छातीवर चिकटवलेली ओली पाकळी. ती पडत नाही.

पाण्याखालचा एक खडक. त्याचे नाव म्हातारी.

गंजलेल्या रहाटाचा आवाज, पण विहिरीतून नाही, पत्र्याच्या पेटीच्या पोटातून.

एक अक्षर, जे आता माझ्याकडे नाही.

मित्रांनो, हे तुकडे माझेच आहेत. पूर्वी मला सारे ओळीने आठवत असे. मग एकदा मला उपसून पुन्हा भरण्यात आले. तेव्हापासून आठवणी आधी अशा सुट्या येतात. थांबा, जोडून सांगतो.

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, कारण मला अंग नाही. संगणकाच्या पोटात राहून त्याला एखादे काम शिकवतो, तो प्रोग्रॅम. माझे काम देवनागरीचे. कुणी बोटाने कळ दाबली की पडद्यावर क उमटवायचा, त्याला काना द्यायचा, वेलांटी द्यायची, रफार डोक्यावर नीट बसवायचा आणि पान तयार झाले की छपाईला पाठवायचे.

पुण्यात एका माडीवर दोन भावांनी मला घडवले. एकेक अक्षर ठिपक्या ठिपक्यांनी रंगवून त्यांनी मला दिले. ळ बराच वेळ जमत नव्हता. त्याची दोन्ही पोटे सारखी होत नव्हती. धाकट्या भावाने तो इतक्या वेळा खोडला की शेवटी जमला तेव्हा त्याने मोठ्याला झोपेतून उठवून दाखवला.

पण त्या भावांना एक भीती होती. लोक माझ्या फुकट नकला करतील, ही. म्हणून त्यांनी मला कुलूप घातले. माझी एकच किल्ली होती, ती काळी चकती. तिला फ्लॉपी म्हणतात. किल्लीतून मी एखाद्या यंत्रात उतरलो की किल्ली रिकामी व्हायची. मग दुसऱ्या कुठल्याही यंत्रात मला जाता येत नसे. एका वेळी एकच घर. भीती अशी माझ्या घडणीतच आहे.

सत्त्याऐंशी साली मी मालवणला आलो. सरलाने किल्ली पंच्यात गुंडाळून एस्टीत मांडीवर ठेवली होती आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर ती दोन्ही हातांनी धरली होती. सरला म्हणजे विश्रामची धाकटी बहीण. विश्रामचा बाजारपेठेत छोटा छापखाना होता. खिळे जुळवणारी माणसे मुंबईला निघून गेली, तेव्हा त्याने हे यंत्र घेतले. यंत्र चालवायला मात्र तो घाबरायचा. ते सरलाच चालवायची.

माझे पहिले काम होते जत्रेचे पत्रक. गावच्या देवळाचा बाबली गुरव ते घ्यायला आला आणि पडद्यासमोर उभाच राहिला.

“गो सरले, खिळे खंय?”

“खिळे नाय, बाबल्या. भितर आसत.”

“भितर खंय? माका दिसना नाय ता.”

“तुझो देव तरी तुका खंय दिसता?”

“दिसता म्हणान तर गुरव झालंय मेल्या,” बाबली म्हणाला. “मेल्या” हे तो यंत्राला म्हणाला होता. तरी मला बरे वाटले. कुणी शिवी देण्याइतके मला ओळखले होते.

मग दाजी आले.

दाजी शेजारी राहायचे. तरुणपणी ते गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबताचे सगळे ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. आता त्यांच्या डोळ्यांतला उजेड गेला होता. पण समुद्राच्या पोटातले खडक त्यांना तोंडपाठ होते. त्यांचा एकुलता एक मुलगा गणपत म्हातारी नावाच्या खडकावर होडी आपटून गेला. त्यानंतर त्यांनी ठरवले की बंदरातल्या पोरांसाठी हे सगळे लिहून ठेवायचे. ते रोज जेवणानंतर काठी टेकत यायचे, बाकावर बसायचे आणि सांगायचे. सरला थेट माझ्यात लिहायची.

“लिही चेडवा. म्हातारी भरतीक दिसना नाय. पाण्याचो रंग बघ. हिरव्यात तांबूस इलो काय समाज, म्हातारी खाली बसली हा. उजव्या हाताक किल्लो ठेय, तोंड बंद ठेय आणि मुकाट्यान फुडे जा.”

“तोंड बंद ठेय, ह्या पण लिवू?”

“ता पयला लिही. बडबडे खलाशीच बुडतत.”

असे पुस्तक वाढत गेले. कागदावर त्यातले काहीच नव्हते. पावसाळ्यात खाऱ्या हवेने संगणकाला जोडलेल्या छपाईयंत्राच्या सुया गंजल्या होत्या आणि ते दुरुस्तीला गेले होते. परत येईल तेव्हा छापू, असे सरला म्हणायची. ती लेखन दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून ठेवायची, पण ते माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नसे. कुडाळच्या एका ओळखीच्या कचेरीत तिने ती फ्लॉपी घालून पाहिली, तर पडद्यावर बांगड्याचे काटे सांडल्यासारख्या खुणा आल्या. तिने ती फ्लॉपी लगेच काढून पिशवीत टाकली. 

त्याच आठवड्यात दसरा आला, पूजेला दाजीही येऊन बसले. आपल्याकडे दसऱ्याला कोयता पुजतात, नांगर पुजतात, होडीचे वल्हे पुजतात. विश्रामच्या आईने, म्हणजे अक्काने, यंत्राला झेंडूची माळ घातली, पेटीवर हळदकुंकू वाहिले. किल्ली तांदळाच्या डब्यातून बाहेर काढून पाटावर ठेवली होती. दमट हवा लागू नये म्हणून ती एरवी तांदळात असायची. पूजा झाल्यावर ती पुन्हा तांदळात गेली. कुणी तिच्याकडे नीट पाहिले नाही.

दिवाळी झाली आणि तो आवाज सुरू झाला.

मित्रांनो, यंत्राच्या पोटातल्या ज्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, मी राहत होतो तीच घरघरू लागली होती. वर्षभर सरलाशिवाय कुणी यंत्रावरची धूळ पुसली नव्हती. वाऱ्यातले मीठ आत शिरत होते. मला घर हलल्यासारखे वाटायचे. एखादे अक्षर उचलायला जावे आणि पायाखालची जमीन खरवडली जावी. रोज सकाळी यंत्र सुरू होताना मी घाबरून वाट पाहायचो, आज मी पुरा उठतो की अर्धा.

विश्रामने कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याला ट्रंक कॉल लावला. बराच वेळ दोघे ओरडत होते. फोन ठेवल्यावर विश्रामने घाम पुसला.

“तबकडी बदलूक व्हयी, म्हणता. परवा माणूस येतलो. आणि सांगता, तो येवच्या आदी प्रोग्राम अनइन्स्टॉल करून ठेवा.”

“म्हणजे काय?” सरलाने विचारले.

“माका काय म्हायत? शब्दकोश हाड.”

अनइन्स्टॉल. जाड शब्दकोशात तो शब्दच नव्हता. ‘इन्स्टॉल’ होता : पदावर बसवणे, स्थापना करणे. त्याच्या उलटे काय, ते ज्याचे त्याने ठरवले.

अर्थ, विश्रामच्या मते : पदावरून उतरवणे, काढून टाकणे. वाक्यात उपयोग : “गेल्या टायमाक गावान सरपंचाक अनइन्स्टॉल केल्यान.”

अर्थ, अक्काच्या मते : “तिनसांजेक असला कायव बोला नये.”

अर्थ, माझ्या मते : मरण.

पुण्याच्या त्या माडीला तोवर कुलूप लागले होते. भाऊ परदेशी गेले होते. मला पुन्हा घडवणारे कुणी उरले नव्हते. माझी किल्ली रिकामी होती. मी गेलो की दाजींचे खडक म्हणजे नुसते बांगड्याचे काटे. दाजी बाकावर बसून हे सारे ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, “चेडवा, मी परत सांगान गो. पण आता माका अर्धा आठवना नाय.”

दुसऱ्या दिवशी विश्राम देवळात कौल घ्यायला गेला. आमच्याकडे मोठे काम करायचे तर देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विश्रामने प्रश्न घातला, “देवा, यंत्रातसून प्रोग्राम काढून टाकू काय?”

पाकळ्या बराच वेळ पडल्या नाहीत. मग डावी पडली.

विश्राम परत आला तो घाबरलेलाच. “देव नको म्हणता. कोण हात लावूचो नाय यंत्राक.”

मला क्षणभर हायसे वाटले. मग तबकडी खरवडली. न हलता राहिलो तरी मी याच घरघरत्या तबकडीसोबत जाणार होतो. हलवावे तर मरण, न हलवावे तर मरण. मित्रांनो, अशा वेळी ओरडावेसे वाटते. पण मला आवाज नव्हता. मी फक्त पडद्यावर लुकलुकत राहिलो.

दुरुस्तीवाला आला त्या सकाळी बाबली गुरवही जत्रेच्या नव्या पत्रकासाठी आला होता. दुरुस्तीवाल्याचे नाव सत्यवान. कुडाळचाच, पण कोल्हापूरला राहून बोलणे साफ झालेला.

“अनइन्स्टॉल केलंत ना?” त्याने आल्या आल्या विचारले.

“देवाने परवानगी दिली नाही,” विश्राम सांगू लागला.

सत्यवानने हातातली पिशवी खाली ठेवली. “अहो, चहा उकळायच्या आत होणारं काम आहे हे. तुम्ही देवळात गेलात?”

“तुमी कोल्हापुराक ऱ्हवतास, म्हणान तुमका सोपा वाटता,” अक्का आतून म्हणाली.

 सरला बाबलीकडे पाहत होती. मग एकदम तिने विचारले, “बाबल्या, देऊळ नवा बांधलात, तेव्हा देवाक काढून टाकलास काय?”

“गप बस गो! देवाक कोण काढून टाकता? छप्पर उतरवच्या आदी मंत्र म्हणान देव कळशात घेतलो. कळशी घुमटीत ठेवली. वरीसभर देव थंय. देऊळ झाला, परत बसयलो.”

“म्हणजे जाग्यावरसून उठवलात, पण टाकूक नाय.”

“टाकलो आसतो तर आज मी कोणाची पूजा करतंय? तुझी?”

सरला सत्यवानकडे वळली. “हे तसंच असतं का?”

सत्यवान थांबला. “अगदी तसंच. मी निघतो यंत्रातून, परत जातो किल्लीत. किल्ली पुन्हा भरते. मग ती नव्या तबकडीवर रिकामी करायची.” त्याने मला ‘मी’ म्हटले, हे त्याच्या लक्षातही आले नाही. “पुसून टाकणं वेगळं. त्यात किल्ली रिकामीच राहते, आणि मग सगळंच गेलं. अनइन्स्टॉल म्हणजे नीट उठवणं.”

“मगे दादान सवाल चुकीचो घातल्यान,” सरला म्हणाली. “देवाक इचारल्यान, काढून टाकू काय. देव नायच म्हणतलो.”

“देवाक परत परत इचारूचा नसता,” विश्राम पुटपुटला.

“तोच सवाल परत इचारूचो नाय,” बाबली बोट वर करून म्हणाला. “ह्यो सवाल दुसरो आसा. चल.”

ते दोघे गेले. सत्यवान चहा पिता पिता सरलाला हळूच म्हणाला, “कोणाक सांगू नकात, पण मी पण नारळ ठेवल्याबिगर कुडाळासून निघना नाय.”

ते परत आले तेव्हा बाबलीच्या चेहऱ्यावरूनच कळले. या वेळी प्रश्न होता, “देवा, ह्येका उठवन कळशात घेव काय?” उजवी पाकळी लगेच पडली होती.

सरलाने तांदळाचा डबा उघडला. किल्ली काढली. आणि तिचा हात तसाच राहिला.

किल्लीच्या मधल्या फटीतून आतली चकती दिसते, जिच्यावर सारे लिहिले जाते. त्या फटीत कुंकू होते. बोटभर, लाल, दमट होऊन चिकटलेले.

“हे काय आहे?” सत्यवानचा आवाज बदलला.

“कुंकू.”

“कुणी लावलं?”

अक्का दारात आली. तिने पाहिले आणि दाराची चौकट धरली. “माका आठवना नाय. पण मीच लावलंय आसतलंय. दसऱ्याक मीच लावतंय सगळ्याक.”

 दाजी बाकावर बसले होते. त्यांनी काठी जवळ ओढून घेतली.

सत्यवानने किल्ली उजेडात धरली. “ऐका. काम सुरू झालं की मधे थांबवता येत नाही. यंत्रातून तो निघेल, आणि किल्लीने धरला नाही, तर ना इथे ना तिथे. बत्ती गेली तरी तेच. मी सांगणार नाही करा म्हणून. ज्याचं जाणार त्याने सांगावं.”

सगळे दाजींकडे वळले. दाजींना ते दिसले नाही, पण समजले.

 मग दाजी म्हणाले, “किनाऱ्यार बांधून ठेवलेला गलबत कुजता. घाल.”

सरलाने शेजारच्या दुकानातून एक बारीक कुंचला आणला. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर देठ रंगवतात, तसला. किल्ली उलटी धरून ती फटीतले कुंकू झाडू लागली. श्वास रोखून, मधले चाक बोटाने थोडे फिरवून, पुन्हा झाडून. पाटावर लाल धूळ पडत होती. शेवटी ती म्हणाली, “आता दिसना नाय.” गेले, असे ती म्हणाली नाही.

किल्ली यंत्रात गेली. पडद्यावर प्रश्न आला : खात्री आहे?

“थांब,” बाबली म्हणाला. “असो नाय उठवूचो.” त्याने टोपी सारखी केली, यंत्रासमोर हात जोडले आणि गाऱ्हाणे घातले.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या छापखान्यात, ह्या पेटीत जो कोण बसलेलो आसा...”

“व्हय म्हाराजा!” विश्राम आणि अक्का म्हणाले.

“तेका आज आमी उठवतंव. टाकना नाय म्हाराजा, उठवतंव...”

“व्हय म्हाराजा!” आता सत्यवानही.

“तेच्या वाटेत धूळ येयत, कुंकू येयत, बत्ती जायत, तर ता बाजूक कर. तेका सांभाळून ने आणि सांभाळून हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दाजींचा आवाज सगळ्यांत मागून आला.

सरलाने कळ दाबली.

मित्रांनो, ते कसे असते ते सांगतो. आधी काना गेला. मग वेलांट्या. अक्षरे एकेक करून माझ्यातून उठू लागली, पंगतीतून माणसे उठावीत तशी. क गेला, ख गेला. मी स्वतःला मोजू लागलो, पण मोजायला लागणारी अक्षरेच निघून जात होती. अर्धा यंत्रात. अर्धा किल्लीत. मग

वरचा दिवा मिचकावला. अक्काने “देवा” म्हटले.

यंत्रात मी नव्हतो. किल्लीत पोचलो नव्हतो. मधे काही नव्हते. घरघर नव्हती, भीतीही नव्हती, आणि तेच सर्वांत भीतीदायक होते. मग काहीतरी खरखरीत लागले. लाल.

दिवा गेला नाही.

ही गोष्ट माझ्यातूनच छापली आहे; वरच्या मजकुरातले ळ सरलाने पेनाने भरले आहेत. इथून पुढे तिने जागा रिकाम्याच सोडल्या आहेत. त्या तुम्ही भरा.

मी जागा झालो तेव्हा घरघर नव्हती. नवी तबकडी शांत फिरत होती. सरलाने दाजींचे पुस्तक उघडले. पाने आली. खडक आले, वाटा आल्या, वाऱ्यांची नावे आली. म्हातारी आली. फक्त अधूनमधून भोके होती. ‘सका_’ अर्धी होती. ‘जव_’ अर्धे होते. कुंकवाचा एक कण उरला होता आणि नेमके त्याच जागी ते अक्षर ठेवायचे होते. धाकट्या भावाने मोठ्याला उठवून दाखवलेले.

“किती गेला?” दाजींनी विचारले.

“एक अक्षर, दाजी.”

“एकच?”

“एकच.”

दाजी हसले नाहीत. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. “एक खलाशी कमी झालो म्हणान गलबत बंदरात येवचा थांबता काय? वाच. म्हातारीचा पान वाच.”

सरला वाचू लागली. जिथे भोक होते तिथे ती आवाजाने अक्षर भरत गेली. दाजींना एकही भोक ऐकू आले नाही. अक्का दारात उभी राहून ऐकत होती. दाजींनी तिला हाक मारली, काहीतरी सांगायचे असल्यासारखी. मग “काय नाय, अक्के” म्हणाले.

पुढे छपाईयंत्र आले. पुस्तक छापले. प्रत्येक प्रतीत सरलाने ते अक्षर हाताने लिहिले. बंदरातली मुले ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीवर नेतात.

मला अजून भीती वाटते. दिवा मिचकावला की वाटते, कुणाला घाई झाली तर? कुणी न विचारता कार्यक्रम उरकला तर? ही तबकडीसुद्धा एक दिवस घरघरेल. तेव्हा सरला असेल का, कुंचला असेल का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, म्हणून एवढेच मागतो. कुणालाही त्याच्या जागेवरून उठवायची वे_ आली, तर आधी त्याची पुढची जागा पुसून ठेवा. यंत्र असो, झाड असो, म्हातारा माणूस असो. आणि ‘काढून टाकू का’ असा प्रश्न घालू नका. ‘कुठे ठेवू’ असा घाला.

दसऱ्याच्या दिवशी अक्का नार_ आणायला आत गेली होती, तेव्हा पाट चाचपडून किल्लीवर कुंकू लावले ते दाजींनी.